एका बाटलीचा कलंक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला, लिंबायतमध्ये ताईकडे गेलो होतो. खानदेशातून पोटासाठी आलेल्या मराठी माणसांची ही वस्ती. दोन वर्षांच्या भाच्याला जुलाब लागले होते. डॉक्टरांनी ओआरएसची पुडी आणि झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्या चौदा दिवस द्यायला सांगितल्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले आणि ताईच्या सासूबाईंनी गोळ्या बंद करायला लावल्या. बऱ्या झालेल्या पोराला औषध कशाला, हा त्यांचा सवाल!

मी माझे पुस्तकी ज्ञान पाजळले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात. जस्त कमी पडले की ही ग्रंथी आक्रसते आणि त्या पेशी घटतात. जुलाबात तर शरीरातले जस्त वाहून जाते. सासूबाई ऐकत होत्या, पण विश्वास काही बसेना. तेव्हा मला वाल्डेमार हाफकिन आठवले. लोकांचा विश्वास मिळवणे आणि तो गमावणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी भोगले असेल.

हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. ज्यू म्हणून रशियात बढतीची वाट बंद, तेव्हा ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले आणि आरंभी तेथील ग्रंथालयात काम केले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली व प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि मोजकी माणसे, एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. ताप आला, वेदना झाल्या. पण गडी उभा राहिला! सुरतेहून मुंबईकडे निघाले की वापीजवळ दमण लागते. त्याच वर्षी तिथे लस टोचलेल्या सुमारे २२०० लोकांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्या ६००० पैकी जवळजवळ १५००. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांनाही हे परके नाही, कारण १८९८ साली हुबळीत हजारोंनी ही लस घेतली होती.

मग आले १९०२. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली. चौकशी समितीने बोट दाखवले ते हाफकिन यांच्या प्रयोगशाळेकडे. त्यांना पद सोडावे लागले. ते इंग्लंडला जाऊन आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. वास्तविक त्याच वेळच्या इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असा पुरावा होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे सरकारने त्यांना दोषमुक्त केले. मला या पाच वर्षांचा राग येतो. मुंबईची त्यांची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला रुजू झाले; हाताखाली साधने तुटपुंजी. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. मुंबईच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये, आणि १९३० साली लोझान येथे त्यांचा अंत झाला.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले. १९९४ चा सुरतेतला प्लेग त्यांनी पाहिलेला. रातोरात भरभरून गेलेल्या गाड्या त्यांना आठवत होत्या. हाफकिन यांनी सुई आधी स्वतःला टोचली, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग उठून त्यांनी फळीवरची गोळ्यांची पट्टी काढली, किती राहिल्या ते मोजले आणि ताईला चमच्यात पाणी आणायला सांगितले.