मादाम क्युरी आणि मातीतले रेडियम

मेरी क्युरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. रशियन अमलाखालील पोलंडमध्ये स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असल्याने १८९१ मध्ये त्या पॅरिसला आल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी बेक्वेरेल यांना युरेनियमच्या किरणांचा शोध लागला आणि मेरी यांना संशोधनाचा विषय मिळाला.

पिचब्लेंड या खनिजाचा किरणोत्सार त्यातील युरेनियमच्या मानाने फारच अधिक भरतो, हे पाहून त्यात अज्ञात मूलद्रव्य दडले असावे, असे त्यांनी ताडले. १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम यांचा शोध जाहीर झाला. पुराव्यासाठी रेडियम वेगळे करणे आवश्यक होते. बोहेमियातील योआखिमस्टाल येथे युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ जंगलात टाकून दिला जाई. तोच पोत्यांतून पॅरिसला आला. त्यात पाईनची सुकी पानेही मिसळलेली होती. गळक्या शेडमध्ये टनावारी गाळ उकळून १९०२ मध्ये हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराईड.

या पद्धतीचे पेटंट क्युरी दाम्पत्याने घेतले नाही. १९०४ मध्ये पॅरिसजवळील नोजाँ-स्युर-मार्न येथे रेडियमचा कारखाना उभा राहिला. कर्करोगावरील उपचारांना रेडियमचा आधार मिळाला. कारखान्याच्या जमिनीत मात्र त्याचे अंश मुरत राहिले. पुढे त्याच जागेवर शाळा बांधली गेली आणि तिला नाव दिले गेले मेरी क्युरी यांचेच! जमिनीतील रेडियमपासून निर्माण होणारा रेडॉन वायू वर्गांत आढळल्याने १९९८ मध्ये ती बंद करावी लागली आणि नंतर पाडण्यात आली.

युरेनियमचे, आणि त्याच्या विघटनातून होणाऱ्या रेडियमचे, सूक्ष्म अंश जवळपास सर्वच मातीत असतात. निसर्गाने विखरून ठेवलेले हे द्रव्य माणसाने एकवटले, तेव्हा त्याचे सामर्थ्य कळले आणि धोकाही वाढला.

१९०३ व १९११ अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या मेरी यांचे ४ जुलै १९३४ रोजी रक्तविकाराने निधन झाले. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. रेडियमचे अर्धे विघटन होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजेच १९०२ मध्ये त्यांनी वेगळ्या केलेल्या रेडियमपैकी आजवर जेमतेम पाच टक्केच नष्ट झाले आहे.