धुरंधर गुरुजी आणि माझा निर्धार



मोठेपणी कोण होणार, असे विचारले की आपल्या वर्गात डॉक्टर, पोलीस, फौजी अशी उत्तरे येतात. मी मात्र चित्रकलेची बाई होणार असे सांगते. त्यावर पुष्कळजण हसतात. ज्याला चित्रकार होता येत नाही तो चित्रकला शिकवितो, असे मोठी माणसेसुद्धा म्हणतात. हे म्हणणे खरे नाही. म्हणूनच आज मी तुम्हांला थोर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची माहिती सांगणार आहे.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. कोल्हापूर महाराष्ट्राच्या त्या टोकाला आणि आपले फुलचूर या टोकाला! चित्रकलेच्या ओढीने ते १८९० साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ही शाळा सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली होती. धुरंधर तेथे गेले तेव्हा ग्रिफिथ्स साहेब प्राचार्य होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच.

धुरंधरांचा हात लवकरच नावाजला गेला. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. आता बघा, असे पदक मिळाल्यावर एखाद्याने म्हटले असते, की झाले, आता आपण फक्त चित्रे काढायची आणि विकायची. पण पुढच्याच वर्षी, १८९६ साली, ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. म्हणजे चित्र जमले नाही म्हणून ते मास्तर झाले नाहीत. चांगले जमत होते, तरी झाले!

त्याच सुमारास मुंबईत प्लेगची साथ आली. १८९७ साली त्यांची पत्नी त्या साथीत वारली. केवढे हे दुःख! पण त्यांनी शिकविणे सोडले नाही. १९१० साली ते मुख्याध्यापक झाले. १९२७ साली त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला. १९३० साली काही काळ ते शाळेचे हंगामी संचालक होते. इंग्रजांच्या राज्यात त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून एकेचाळीस वर्षे एकाच शाळेत! म्हणून त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच ठेवले. ते १९४० साली निघाले.

मग काय, शिकविता शिकविता त्यांची स्वतःची चित्रे राहून गेली? मुळीच नाही. शिवरायांच्या राज्याभिषेकाचे चित्र त्यांनी काढले. श्रावणात आपल्याकडे वाराच्या आणि व्रताच्या कहाण्या वाचतात ना, त्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजीत लिहिल्या. १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकात धुरंधरांची चित्रे आहेत. बाजारातली, सणावारातली साधी माणसे त्यांनी हुबेहूब रंगविली. नऊवारी नेसलेल्या बायांची चित्रे तर पाहतच राहावे अशी.

त्यांची मुलगी अंबिका हिनेही जे. जे. मध्येच शिक्षण घेतले आणि ती नामांकित चित्रकर्ती झाली. ज्या काळात मुलींना शाळेत घालायलाच लोक तयार नसत, त्या काळात या बापाने लेकीच्या हाती रंग दिले. मला तर त्यांची हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. १ जून १९४४ रोजी धुरंधर वारले.

माझे बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात. ते रागावत नाहीत, पण चित्रकलेच्या मास्तरांच्या जागा निघतात काय, असे विचारतात. त्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही. माय म्हणते, आधी गणित सुधार. तेही बरोबर आहे. हायस्कूलमध्ये गेल्यावर एलिमेंटरी आणि मग इंटरमीजिएट परीक्षा द्यायची, पुढे कला शिक्षकाची पदविका घ्यायची, एवढे मी विचारून ठेवले आहे.

तान्ह्या पोळ्याला आपण सर्वच नंदीबैल रंगवितो. मंडईत नाटकाचा रंगविलेला पडदा वर गेला की आपण डोळे मोठे करून बघतो. म्हणजे आवड सर्वांनाच आहे. ब्रश कसा धरायचा, सावली कोणत्या बाजूला पडते, हे सांगणारे कोणीतरी पाहिजे. धुरंधर गुरुजींनी पदक मिळाल्यावरही तेच काम केले. तर मग ते काम हलके कसे?

अशा या थोर गुरुजींना माझे वंदन. आता कोणी हसले तरी मी माझे उत्तर बदलणार नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, जि. प. शाळा, फुलचूर