पोट्टी श्रीरामुलू : आंध्र राज्यासाठी ५८ दिवसांचं उपोषण

१ मे १९६० रोजी आपलं महाराष्ट्र राज्य झालं, हे तुम्हाला पाठच असेल. पण भाषेवरून राज्य मागण्याची आणि ते मिळवण्याची सुरुवात आपल्याआधी तेलुगू लोकांनी केली. त्यासाठी ज्यांनी प्राण दिले, ते पोट्टी श्रीरामुलू.

त्यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा, मद्रासचा. शिक्षण मात्र आपल्या मुंबईत झालं आणि पुढे रेल्वेत नोकरीही मिळाली. सगळं नीट चाललेलं असताना पत्नी आणि तान्हं मूल, दोघंही गेली. मग नोकरी सोडून ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात दाखल झाले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. नेल्लोरला दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं. भर उन्हात, पायांत चप्पल नाही, डोक्यावर छत्री नाही, हातात फलक घेऊन ते फिरायचे. लोक त्यांना चक्क वेडा म्हणायचे!

त्या काळी तेलुगू आणि तमिळ मुलूख एकाच मद्रास राज्यात होता. तेलुगू भाषकांची वेगळ्या आंध्रची मागणी जुनीच होती. पण फाळणीची जखम ताजी होती, भाषेवरून देश आणखी फुटेल अशी पंडित नेहरूंना भीती वाटत होती. ही भीती अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. मात्र चालढकल फार झाली. शिवाय मद्रास शहर कुणाचं, हा वाद होताच. आपल्याकडे पुढे मुंबईवरून झाला ना, तसाच.

१९ ऑक्टोबर १९५२ ला श्रीरामुलूंनी मद्रासमध्ये बुलुसू सांबमूर्ती यांच्या घरी आमरण उपोषण सुरू केलं. दिल्लीने आधी फारसं मनावर घेतलं नाही. दिवस सरत गेले, शरीर खंगत गेलं. १५ डिसेंबरच्या रात्री, उपोषणाच्या ५८ व्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला. आंध्रात आगडोंब उसळला. रेल्वेगाड्या अडवल्या गेल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. जे वर्षानुवर्षं होत नव्हतं, ते चार दिवसांत झालं : १९ डिसेंबरला नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली.

१ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आलं. राजधानी कर्नूल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला आणि आपल्या संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्नही त्या आयोगापुढे गेला. मद्रास शहर मात्र आंध्रला मिळालं नाही. श्रीरामुलूंनी जिथे प्राण सोडला, ते घर नव्या राज्याच्या सीमेबाहेरच राहिलं.