दादासाहेब मावळणकर : हिशेबाचा पहारा
गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर यांचा जन्म १८८८चा, बडोद्याचा. अहमदाबादेत वकिली, स्वातंत्र्यलढा, १९३७पासून मुंबई विधानसभेचे आणि १९५२मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्षपद, असा त्यांचा प्रवास. ब्रिटिश अमदानीत केंद्रातील लोकलेखा समितीचे अध्यक्षपद खुद्द अर्थसदस्यांकडेच असे. दादासाहेब अध्यक्ष असताना, १९५०मध्ये, ही समिती सरकारच्या छायेतून निघून संसदेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. अंदाज समितीही त्याच वर्षी स्थापन झाली. १९५६मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. लोकलेखा समितीचे नेतृत्व विरोधी पक्षाकडे जाण्यास मात्र १९६७ उजाडले. शिफारशी आजही बंधनकारक नाहीत आणि लेखातपासणी होते ती खर्चानंतरच. दादासाहेबांच्या काळात पहारा स्वतंत्र झाला. त्याची दखल घेणे सभागृहाच्याच हाती राहिले.