अक्षरे मोजणारे मार्कोव्ह

नाणे उडविले असता मागील छाप्याकाट्याचा पुढच्याशी काही संबंध नसतो. पण जगातील बहुतेक घटना अशा सुट्या नसतात. त्यांचे गणित मांडणारे आंद्रेय मार्कोव्ह १८५६ साली रशियातील रियाझान येथे जन्मले. सेंट पीटर्सबर्ग येथे शिकून तेथेच प्राध्यापक झाले. स्वभाव मोठा करारी. घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या तरच त्यांची सरासरी स्थिरावते, हे मॉस्कोच्या नेक्रासोव्ह यांचे मत त्यांस मुळीच मानवले नाही. साखळीसारख्या गुंफलेल्या घटनांसही तो नियम लागू पडू शकतो, हे त्यांनी १९०६ साली सिद्ध केले.

पुढे १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील २०,००० अक्षरांची त्यांनी मोजणी मांडली. (रशियन लिपीत स्वर व्यंजनास जोडीत नाहीत, वेगळा लिहितात.) स्वर निघाले ८,६३८, म्हणजे शेकडा ४३. परंतु स्वरापाठोपाठ पुन्हा स्वर शेकडा १३ वेळाच, व्यंजनापाठोपाठ मात्र शेकडा ६६ वेळा; दोन स्वरांमागून तिसरा तर शेकडा १०च! मागचे एक अक्षर ध्यानी घेताच अनुमान सुधारले, दोन घेतल्यावर अधिकच. एवढे मोजण्याचा धीर आम्हांस तरी झाला नसता.

१९२२ साली पेट्रोग्राड येथे ते वारले. आज संगणकाची प्रणाली केव्हा अडखळेल, हे वर्तविण्यासही त्यांची साखळी वापरतात. प्रणाली एका अवस्थेतून कोणत्या अवस्थेत किती वेळा गेली, हे प्रत्यक्ष नोंदींतून मोजतात. आणि एका पावलाची आठवण अपुरी पडली, तर दोन पावले मागे पाहतात.