चर्चमध्ये भजन आणणारे रेव्हरंड टिळक

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला गेलं की पुढे मालगुंड लागतं. तिथलं केशवसुतांचं घर आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. केशवसुतांच्या ओळखीचे आणखी एक कवी याच जिल्ह्यातले, नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत आपण त्यांना वाचलं. पण चर्चमध्ये उपासना चालवणारे रेव्हरंड टिळक आपल्याला फारसे ठाऊक नसतात.

टिळकांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. घर ब्राह्मणाचं, ओढ संस्कृतची आणि कवितेची. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने त्यांच्या हाती बायबल दिलं. ते वाचता वाचता मन वळलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन जवळजवळ पाच वर्षं दूर राहिल्या. एकाच्या श्रद्धेची किंमत सगळ्या घराने मोजली, हे विसरून चालणार नाही. पुढे त्या परतल्या आणि १९०० मध्ये स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करताना टिळकांना एक गोष्ट टोचू लागली. उपासनेतली बरीचशी गाणी इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही परक्या. खेड्यातल्या बाईला ती तोंडपाठ होतीलही, पण दळताना ओठांवर कशी येणार? उपासना चालवणाऱ्याने नुसतं पुढे उभं राहून भागत नाही, मागे बसलेल्यांचा सूर लागावा लागतो. मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं रचली, टाळ-मृदंग आणि कीर्तन जवळ केलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. काहींना त्यात जुना धर्म दिसे, तर बाहेरच्यांना ते परके वाटत. दोन्हीकडून ओढाताण! शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्याला गेले. 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. हाती वेळ मात्र थोडाच होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते कुणी पुरं केलं ठाऊक आहे? लक्ष्मीबाईंनी. कधीही शाळेत न गेलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्या याच.

आज मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची भजनं गायली जातात. गाणाऱ्या बायकांना ती कुणाची, हे माहीत असतंच असं नाही. पण ती आपलीच वाटतात, आणि टिळकांना हवं होतं ते तेवढंच.