गोणपाटावरचा विद्यार्थी

सातारा येथील सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. पटावर ते नाव इतर मुलांच्या बरोबरीने लिहिले गेले; पण वर्गात त्याची जागा बरोबरीची नव्हती. त्याने घरून गोणपाटाचा तुकडा आणायचा, त्यावर वेगळे बसायचे आणि शाळा सुटली की तो तुकडा परत घरी न्यायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला तर दिवस तहानेनेच काढावा लागे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा हा आरंभ आपल्याच सातारा जिल्ह्यातील आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

या मुलाची आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारली. गावातील न्हावी या घरातल्या मुलांचे केस कापीत नसत, म्हणून ते काम थोरली बहीण घरी करी. वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी शाळेत शिक्षकाचे काम केलेले. ते कबीरपंथी होते, शिस्तीचे होते आणि मुलांनी शिकलेच पाहिजे या बाबतीत हट्टी होते. गावाने ज्याची किंमत शून्य धरली होती, त्याला त्याच्या घराने मोठे होण्यासाठी जन्मलेला मुलगा मानले. पुढच्या आयुष्याचा पाया येथे घातला गेला.

१९०१ साली सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि दोन भाचे नवे कपडे, नव्या टोप्या घालून आनंदाने साताऱ्याहून आगगाडीने निघाले व मसूर स्टेशनवर उतरले. आपली कोयना कराडला कृष्णेला मिळते. मसूर त्याच कराड तालुक्यातले. वडिलांना पत्र पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर प्रथम आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तेही मिळाले नाही. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. त्या वेळी भिवाचे वय जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. या प्रसंगाची आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

अशा प्रसंगानंतर मुलाच्या मनापुढे दोन वाटा असतात. जग मला हलका म्हणते, तेव्हा मी हलकाच असलो पाहिजे, ही एक वाट. जग मला हलका म्हणते, तेव्हा जगाचे माप खोटे असले पाहिजे, ही दुसरी. पहिल्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. मी शिक्षक आहे. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुले मला वर्गात आजही दिसतात. गोणपाट वर्गातून गेले, पण काहींच्या मनात ते अजून अंथरलेले आहे.

बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली, पण ती एका दिवसात सापडली नाही. कुटुंब मुंबईला आले तेव्हा चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड होते. वडील रात्री जागत आणि मुलाला पहाटे दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी ते लेकींकडून उसने घेत. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून मुलाने फारसी घेतली. संस्कृत पुढे स्वतःच्या बळावर मिळविले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. तेथे त्यांना कोणी गोणपाटावर बसविले नाही. परंतु १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास परतताच राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी खानावळीत काढलेले दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले, आणि हा उच्चविद्याविभूषित तरुण सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून रडला. पदवीने ज्ञान दिले होते, जगाकडून मान मिळवून दिला नव्हता. ज्याची किंमत पदवीवर किंवा लोकांच्या पसंतीवर उभी असते, तो अशा वेळी कायमचा मोडतो. बाबासाहेब रडले, पण मोडले नाहीत. ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, बॅरिस्टर झाले आणि आपल्या लोकांत परतले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते हजारो लोकांसह प्याले. प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. आपणही माणसे आहोत हे आधी स्वतःला आणि मग जगाला सांगण्याचा होता. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारे पेहराव व दागिने टाकून नीटनेटके राहण्यास सांगितले. मृत जनावराचे मांस सोडा, वतनाची लाचारी सोडा, मुलांना शिकवा, या सर्व उपदेशांचा गाभा एकच होता. स्वतःविषयीचा आदर मागून मिळत नाही, तो वागण्यातून उभा राहतो.

१९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर त्यांनी एकवीस वर्षे विचार केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बुद्ध धम्म स्वीकारला. धम्माने या प्रश्नाचे उत्तर मुळातून दिले आहे. पाली ग्रंथांत ‘मान’ हे एक बंधन सांगितले आहे, आणि त्याचे तीन प्रकार आहेत. मी इतरांपेक्षा श्रेष्ठ, मी इतरांच्या बरोबरीचा, मी इतरांपेक्षा हीन. गर्व हा जसा मान, तसा न्यूनगंडही मानच. कारण दोन्हींत माणूस स्वतःला दुसऱ्याच्या मापाने मोजतो. बावीस प्रतिज्ञांतली समता अशा मोजमापातून आलेली नाही. सर्व माणसे समान आहेत, म्हणून जन्माने कोण उंच व कोण नीच हे मोजण्याचे कारणच उरत नाही. उरते ते शील, प्रज्ञा आणि करुणा. ती ज्याची त्याने कमवायची.

धम्मबांधवांनो, आपल्या विहारात बाबासाहेबांची प्रतिमा आहे, पण आपल्या मुलांना मसूरची हकीकत ठाऊक आहे का? ती सांगा; आणि सांगताना केवळ अन्यायावर थांबू नका. त्या मुलाचे पुढे काय झाले तेही सांगा. पहाटे मुलाला उठविणाऱ्या सुभेदारांचे काम करण्यास पदवी लागत नाही, श्रीमंतीही लागत नाही. रोज संध्याकाळी एक तास मुलाजवळ बसा, त्याची वही पाहा, त्याचे म्हणणे ऐकून घ्या. ज्याचे घरात ऐकले जाते, तो वर्गात हात वर करतो.